कळा येण्याआधी

अंगणातल्या बंबाचा धूर ओसरून आत निखारा धरला, तेव्हा सिंधुबाईंची सकाळची निम्मी कामं उरकली होती. थोरला मुलगा मल्हार गायींच्या धारा काढून, दुधाचा कॅन मोटारसायकलला अडकवून डेरीवर गेला होता. घरधनी बिरूआबा पडवीत गुडघ्यांवर घोंगडं घेऊन बसले होते आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ अंथुर्ण्याच्या रस्त्यावर कशी रेंगाळते ते पाहत होते. आत गॅसवर दोन पातेली होती. मोठ्यात घरादाराचा गोड चहा. लहानात थोरल्या सुनेचा, बिनसाखरेचा. दोन्हींची गाळणी वेगळी ठेवायची, ही शिस्त सिंधुबाईंनी स्वतःच लावून घेतली होती आणि ती कधी मोडली नव्हती.

सुकन्या ओट्यापाशी उभी होती. तिने डावा हात खाली सोडून दोन-तीनदा झटकला, बोटाच्या कडेला सुई टोचली, पहिला थेंब कापसाने पुसला आणि दुसरा यंत्राच्या पट्टीला लावला. नेमक्या याच वेळी सिंधुबाई पिठाच्या डब्याकडे वळत. त्या थेंबाकडे पाहणं त्यांना जमत नसे. यंत्राने बारीक आवाज केला की सुकन्या क्षणभर गप्प राहायची, आणि त्या गप्प राहण्याच्या लांबीवरून सासूला आकडा कळायचा.

आज ती बराच वेळ गप्प राहिली.

"भाकरी एकच टाकू का तुला?" सिंधुबाईंनी परातीकडे पाहतच विचारलं.

"टाका एकच. दुपारी जेवायला उशीर होईल, सोबत गवारीची भाजी ठेवा थोडी."

दुपारी धाकट्या सुनेचं, अश्लेषाचं, डोहाळजेवण होतं. कुशल आणि ती वालचंदनगरच्या क्वार्टरमधून आदल्या संध्याकाळीच आले होते. अश्लेषाचं पहिलटकरपण होतं. आठवा महिना सरत आला होता. ती अजून झोपली होती आणि तिला उठवायचं नाही, असा सिंधुबाईंचा हुकूम होता.

अकराच्या सुमारास पणदऱ्याहून गाडी आली. अश्लेषाची आई जयवंता पाच बायका घेऊन उतरली आणि उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच म्हणाली, "आवं इनबाई, झोपाळ्याला शेवंती लावलीया व्हय? माझ्या लेकीला शेवंतीचा वास सोसत न्हाय म्हनून सांगितलं हुतं की फोनवर!"

"लेकीलाच इचारा," सिंधुबाई हसल्या. "तिनंच निवडलीया."

ओटी भरली, गाणी झाली, झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायला लावली तर त्यात पेढा निघाला आणि पणदऱ्याच्या बायकांनी मुलगाच होणार म्हणून गलका केला. हिरव्या साडीत अश्लेषा अवघडून बसली होती. मधूनच ती झोपाळ्याची साखळी घट्ट धरायची, हे सिंधुबाईंनी दोनदा पाहिलं.

जेवणं झाल्यावर पुरुष पडवीत आणि बायका माजघराच्या दारात अशा बसल्या. या घरात महत्त्वाचं बोलणं नेहमी त्या उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसूनच व्हायचं.

जयवंताने पानाला चुना लावत सुरुवात केली. "मग इनबाई, उद्या जाताय न्हवं बारामतीला, गुरुजींकडं? घरची थोरली बाईच जाती मुहूर्ताला. थोरलीच्या लेकीचा, पूर्वीचा, तुमीच आणलावता. ह्योबी तुमच्याच हातनं येऊ द्या."

"दवाखान्यात मी ऑपरेशनची तारीख धरून ठेवलीय," कुशल म्हणाला. "नववा लागला की त्याच आठवड्यात. वेळ तेवढी गुरुजींनी सांगायची. आई, तू उद्या मुहूर्त घे आणि तशीच हिला पणदऱ्याला पोचव. दादा गाडी काढेल."

"पूर्वीवानी राजयोग काढा म्हनावं," जयवंता म्हणाली.

"राजयोग!" बिरूआबांनी घोंगडं सावरलं. "काल माझ्या दोन्ही चपला तिनं हौदात टाकल्या. राजाचीच कामं हायती ती."

सगळे हसले. चार वर्षांची पूर्वी कोपऱ्यात पेढा खात बसली होती. आपलं काहीतरी कौतुक चाललंय असं समजून तीही हसली.

हसणं विरायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून सुकन्याचा आवाज आला. "मुहूर्त नको काढायला."

मल्हारने मान वर केली. "तू आत जा बरं."

"आतच आहे मी. तिथूनच बोलतेय." तिने हात पदराला पुसले. "अश्लेषाची साखर चांगली आहे, रक्तदाब चांगला आहे, बाळाचं डोकं खाली आहे. गरज पडली तर ऑपरेशन करावंच लागतं, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण कळा यायच्या आधी, नुसत्या घटकेसाठी पोट कापायचं? माझं कापलं. मला विचारा त्यानंतर काय झालं ते."

जयवंताचं पान हातातच राहिलं. "तुझ्या लेकीला दिला तवा चालला मुहूर्त? आमच्या लेकीच्या वक्ताला नगं?"

"मावशी, तसं नाही—"

"मग कसं? तुला साखर झाली ती तुझ्या नशिबानं. घरात कुनाला साखर न्हवती का? तुझ्या आईला हाय की."

"आहे," सुकन्या म्हणाली. "म्हणूनच जपायला हवं होतं."

"वहिनी, हल्ली शहरात सगळ्या बायका असंच करतात," कुशल म्हणाला. "कंपनीतल्या माझ्या साहेबांच्या सुनेचं झालं. तिसऱ्या दिवशी ती फोनवर ऑफिसचं काम करत होती."

"तिला दूध आलं होतं का, विचारलंस?"

कुशल गोरामोरा झाला. मल्हार उठून उभा राहिला. "पुरे. पाहुण्यांसमोर घरची धुणी कशाला काढतीस?" आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

या सगळ्यात अश्लेषा एक शब्द बोलली नव्हती. आता ती हळूच म्हणाली, "ताई, पण मला कळाच नको आहेत. मला भीती वाटते."

बिरूआबा म्हणाले, "भ्या वाटायचंच, पोरी," आणि सिंधुबाईंकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की त्यांना उठून आत जावं लागलं.

ती नजर सिंधुबाईंना ओळखीची होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मेंढरं कोकणातून परत फिरली असताना घाटाच्या पायथ्याला त्यांना कळा सुरू झाल्या होत्या. सोबत एक म्हातारी आणि मेंढरं कोंडायच्या जाळीचा, वाघुरीचा आडोसा. लेकरू अडलं. गावातून कोणी येईपर्यंत ते गेलं होतं, आणि बिरू तेव्हा घोड्याच्या ओझ्याला टेकून अगदी असाच पाहत होता. त्यानंतर मल्हार पणदऱ्याच्या माळावर सुखरूप झाला, कुशल या घरात झाला. पण पहिल्या लेकराचा तो आवाज, आलाच नाही तो आवाज, सिंधुबाईंच्या कानातून गेला नाही. सुकन्या गरोदर राहिली तेव्हा त्यांनी मनाशी गाठ मारली होती की या पोरीला कळांच्या तोंडी द्यायचंच नाही. गुरुजींनी अष्टमीची सकाळ सांगितली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस अलीकडे झाल्याने काही बिघडत नाही. सिंधुबाईंना वाटलं, देव आणि डॉक्टर दोघंही एकाच वेळी आपल्या बाजूला उभे राहिले. इतकं सुख त्यांनी आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं.

पुढचं त्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. चार-पाच दिवस सुकन्याच्या छातीत दूध उतरलं नाही. पूर्वी रडून निळी व्हायची. सिंधुबाईंनी डिंकाचे लाडू वळले, अळिवाची खीर केली, वर तूप ओतलं. जितकं दूध कमी, तितका लाडू मोठा. गरोदरपणात सुकन्याची साखर वाढली होती, हे त्यांना माहीत होतं. पण ती बाळंतपणाबरोबर निघून जाते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. महिन्याभरात पूर्वी पावडरच्या दुधावर गेली. साखर तपासायला सहा आठवड्यांनी या, असं दवाखान्याने बजावलं होतं. त्यावर सिंधुबाईंनीच सांगितलं होतं की सव्वा महिन्यानंतर आधी देवाला पाया पडायला जायचं, मग बाकी सगळं. देवाला जाणं झालं. बाकी सगळं राहून गेलं. दोन वर्षांनी सुकन्याला रात्रंदिवस तहान लागू लागली तेव्हा ती तपासणी झाली.

स्वयंपाकघरात सुकन्या भांडी विसळत होती. सिंधुबाई पाटावर बसल्या. त्या लसूण सोलायला लागल्या. थोड्या वेळाने मागच्या दाराने अश्लेषा आली आणि तांदळाच्या पिंपाला टेकून उभी राहिली.

"ताई, रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागावू?"

"मग खरं सांगा. काय होतं?"

सुकन्याने नळ बंद केला. "ऑपरेशनचं दुखणं सोसता येतं गं. ते कोणालाही सोसता येतं. पण त्या चार दिवसांत पूर्वीला छातीशी लावलं की ती माझ्याकडं अशी बघायची, जशी काय मी तिला फसवलंय. आणि बाहेर सगळ्या म्हणायच्या, बाळंतीण खात नाही म्हणून दूध नाही. मी खात होते. जेवढं दिलं तेवढं सगळं खात होते."

सिंधुबाईंच्या हातातली लसणाची पाकळी परातीत पडली. त्या सगळ्या म्हणणाऱ्यांत पहिला आवाज त्यांचा होता. सुकन्याने नाव घेतलं नाही, वळूनही पाहिलं नाही. त्यामुळे ते जास्त लागलं.

"आत्या," अश्लेषा त्यांच्याकडे वळली, "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी करेन."

"माझं नगं ऐकूस," सिंधुबाई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. "उद्या बारामतीत आधी डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. तितं जे इचारायचं ते इचार. सुकन्या, तूबी चल."

"मी कशाला?"

"चल म्हंते न्हवं."

संध्याकाळी पणदऱ्याची गाडी निघाली तेव्हा जयवंताने खिडकीतून हात बाहेर काढून सिंधुबाईंचा हात धरला. "इनबाई, थोरलीच्या बोलन्याला जाऊ नगा. माझी एकुलती एक लेक हाय. तिला तरास नगं, एवढंच म्हननं हाय माझं."

"व्हय. मला म्हाईत हाय," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांना खरोखर माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्या हेच वाक्य बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मल्हारने तिघींना बारामतीत दवाखान्याच्या दारात सोडलं आणि विहिरीवरचा पंप दुरुस्तीला टाकायला तो पुढे गेला. जाताना बायकोकडे न पाहता म्हणाला, "झालं की फोन कर. मग गुरुजींकडं सोडतो." सुकन्याने मान हलवली. कालपासून त्या दोघांत एवढंच बोलणं झालं होतं.

डॉक्टर श्यामला पन्नाशीच्या होत्या. अश्लेषाला तपासून, बाळाच्या ठोक्यांचा आवाज तिला ऐकवून त्या खुर्चीत बसल्या. "सगळं व्यवस्थित आहे. तुमच्या मिस्टरांनी काउंटरवर तारीख धरलीय, ते मी काल पाहिलं. ऑपरेशनचं काही कारण मला तरी दिसत नाही. तुमची इच्छा असेल तर आपण बोलू, पण निदान दिवस भरू द्या."

"मॅडम, कळा सहन झाल्या नाहीत तर?"

"तर पाठीत इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं. मी इथेच असेन. आणि बाळाला किंवा तुम्हाला धोका दिसला, तर त्याच क्षणी ऑपरेशन करू. तेव्हा मग आपण हरलो असं कोणी समजायचं नाही."

अश्लेषाने रुमाल मुठीत धरला. सिंधुबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. गेली दोन वर्षं त्या सुकन्याबरोबर इथे येत होत्या, पण आतल्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. त्या पिशवी सांभाळत बाहेरच्या बाकावर बसायच्या.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना मावशी."

"हिला," त्यांनी सुकन्याकडे बोट केलं, "ही साखर त्या मुहूर्तापायी लागली का?"

सुकन्याने चमकून पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कळा सुरू होतात तेव्हा आईच्या शरीरात काही हार्मोन्स वाढतात, मावशी. त्यांनी गर्भाची पिशवी आवळते, आणि दूध उतरायची तयारीही होते. कळांच्या आधीच शस्त्रक्रिया झाली तर ती तयारी अर्धी राहू शकते. दूध उशिरा येतं. आणि बाळाला अंगावर पाजत राहिलं तर आईची साखर आटोक्यात राहायला मदत होते. गरोदरपणात ज्यांची साखर वाढते, त्यांना तर जास्तच. एवढं आम्हाला अभ्यासावरून दिसतं."

"म्हंजी मुहूर्तापायीच."

"तसं मी म्हणणार नाही. सुकन्याची साखर आधीच वाढलेली होती. दूध उशिरा येण्याचं कारण तीही असू शकते. तिच्या आईला मधुमेह आहे. सहा आठवड्यांची तपासणी राहिली. यातला कोणता धागा किती, ते कोणीच सोडवून दाखवू शकत नाही. मुहूर्तामुळे झालं असं मी सांगू शकत नाही, आणि मुहूर्त नसता तर झालं नसतं, असंही सांगू शकत नाही."

सिंधुबाई खाली पाहत राहिल्या. घरातून निघताना त्यांनी दोन्ही उत्तरांची तयारी केली होती. दोष आपला आहे असं कळलं असतं तर सुनेचे पाय धरायचे, नाही असं कळलं असतं तर सुटले म्हणून श्वास घ्यायचा. या तिसऱ्या उत्तराचं काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते आता जन्मभर असंच, न सुटलेलं, जवळ ठेवावं लागणार होतं.

"आत्या," सुकन्या हळू म्हणाली, "तुम्ही लाडू प्रेमानेच केले होते. ते मला तेव्हाही कळत होतं."

"कळत हुतं तर बोलायचं हुतंस, पोरी."

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

सिंधुबाईंनी खरं ते सांगितलं. "न्हाय."

मग अश्लेषा म्हणाली, "मॅडम, मी थांबते. कळा येईपर्यंत." तिचा आवाज कापत होता, पण वाक्य तिने पुरं केलं. "ताई त्या वेळी माझ्याजवळ असल्या तर चालेल ना?"

"एक जण चालतं," डॉक्टर म्हणाल्या.

"आईला काय सांगू, आत्या? ती लई रागवेल."

"तुझ्या आईला मी सांगते. पणदऱ्यात चार दिस ऱ्हाते मी, वाटलं तर. आनि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी जी काय तपासणी असंल, तिला तुला मी घेऊन येनार. सव्वा महिना आनि देवदर्शन, समदं त्याच्या मागनं."

बाहेर काउंटरवर एक मुलगी संगणकासमोर बसली होती. सिंधुबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुठल्या काउंटरवर स्वतः बोलत होत्या. एरवी मल्हार नाहीतर कुशल बोलायचा.

"अश्लेषा कुशल, अंथुर्णे. ऑपरेशनची तारीख धरलीया तिची. ती काढून टाक, बाई."

मुलीने अश्लेषाकडे पाहिलं. अश्लेषाने मान डोलावली.

"मग कुठली टाकू?"

"कुठलीच नगं."

मुलीने दोन-तीन बटणं दाबली. तेवढ्यात सुकन्याच्या पर्समधला फोन वाजला. कुशलचा होता. तिने तो न उचलता सासूपुढे धरला आणि सिंधुबाई "बोल" म्हणाल्या.

"आई, झालं का? गुरुजींकडं पोचलात? किती वाजताची वेळ दिली?"

"गेलो न्हाय आमी. जानारबी न्हाय," सिंधुबाई म्हणाल्या. पलीकडून कुशल मोठ्याने काही बोलू लागला. त्यांनी त्याला बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. तो थांबल्यावर म्हणाल्या, "ते समदं खरं तुझं. तुझ्या बायकोनं ठरीवलंय, आनि मी तिच्यासंगं हाय. कंपनीतली जेवनाची सुट्टी झाली असंल न्हवं? जेवून घे तू."

फोन त्यांनी सुकन्याच्या हातात दिला, धाकटीच्या कोपराला धरलं आणि तिघी पायऱ्या उतरू लागल्या.